अमेरिकेत कचऱ्याच्या डब्याचं तोंड रस्त्याकडेच का ठेवायचं?

आईबाबा गेल्या वर्षी सहा महिन्यांसाठी इकडे कॅलिफोर्नियात आले तेव्हाची गोष्ट. मी ऑफिसमधून यायच्या आत बाबांनी हौसेने तिन्ही डबे रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवले, एकमेकांना अगदी चिकटवून, आणि हँडल मुद्दाम रस्त्याच्या बाजूला, म्हणजे कचरेवाल्याला धरायला सोपं जावं. मी आलो तेव्हा अंधार झालेला, बघितलंच नाही. सकाळी ट्रक आला, हळू झाला, आणि डबे तसेच ठेवून पुढे निघून गेला. बाबा खिडकीतून बघत होते. त्यांना खरंच वाईट वाटलं, म्हणाले, "अरे मी तर त्याच्या सोयीसाठीच तसे ठेवले होते."

आणि बाबांचं लॉजिक चुकीचं नव्हतं हो. पुण्यात आयुष्य गेलं, तिथे डबा उचलायला माणूस येतो, दारात ताई येतात, त्यांच्या हाताशी येईल असा डबा ठेवणं हाच चांगुलपणा. इथे फरक एवढाच की बहुतेक गावांत डब्याला माणसाचा हात लागतच नाही. ही एक गोष्ट डोक्यात बसली ना, की सिटीच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, त्या पत्रकातले किचकट वाटणारे नियम आपोआप समजतात, पाठ करावे लागत नाहीत. इकडे नवीन आलेले, घर घेतलेले, किंवा ज्यांचे आईवडील येणारेत असे बरेच जण हे विचारत असतात म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय. मी कॅलिफोर्नियाचं धरून लिहितोय, पण कारणं सगळीकडे सारखीच आहेत. नेमका वार, वेळ आणि रंग मात्र तुमच्या सिटीच्या वेबसाइटवरच बघा, कारण शेजारच्या गावातसुद्धा वेगळं असू शकतं.

आधी चार शब्द

कर्ब म्हणजे रस्ता आणि फुटपाथ यांच्यामधली सिमेंटची कड. कार्ट म्हणजे चाकं आणि बिजागरीचं झाकण असलेला मोठा प्लॅस्टिकचा डबा, साधारण ३२, ६४ आणि ९६ गॅलन अशा मापांत मिळतो, म्हणजे अंदाजे १२०, २४० आणि ३६० लिटर. मी पुढे सरळ डबाच म्हणणार आहे. लँडफिल म्हणजे कचरा पुरायची जागा, आपल्या कचरा डेपोसारखी, फक्त खाली अस्तर घालून आणि वर माती टाकून केलेली. आणि मर्फ, हा शब्द इथल्या कचऱ्याच्या धंद्यातले लोक सारखा वापरतात, म्हणजे रिसायकलचा माल जिथे वेगवेगळा केला जातो तो कारखाना. आणि तीन डबे म्हणजे काळा किंवा करडा लँडफिलच्या कचऱ्याचा, निळा रिसायकलचा, हिरवा ओल्या कचऱ्याचा. बस, एवढेच.

ट्रकला हात एकच असतो

गल्लीत जो ट्रक येतो त्याला ऑटोमेटेड साइड लोडर म्हणतात. ड्रायव्हर एकटाच असतो, तो खाली उतरत नाही. ट्रकच्या बाजूला एक लोखंडी हात असतो, तो बाहेर येतो, डब्याच्या कमरेला मिठी मारल्यासारखं धरतो, वर उचलतो, उलटा करतो, दोनदा झटकतो आणि परत खाली ठेवतो. काही सेकंदांचं काम. ही कल्पना अॅरिझोनातल्या स्कॉट्सडेल शहराने १९६० च्या दशकाच्या शेवटी करून बघितली, त्यांच्या पहिल्या अवाढव्य ट्रकला लोक गॉडझिला म्हणायचे. त्याआधी माणसं दिवसभर ट्रकच्या मागे लटकून, उड्या मारून, जड पत्र्याचे डबे खांद्यावर घेऊन रिकामे करायची. पाठी जायच्या, हात कापायचे, गाड्या धडकायच्या. अजूनही अमेरिकेत कामावर जीव जाण्याचं प्रमाण ज्या व्यवसायांत सगळ्यात जास्त आहे त्या पहिल्या दहांत कचरा गोळा करणारे असतात. तेव्हा ड्रायव्हर केबिनमधून उतरत नाही हे आळसामुळे नाही, त्यातच त्याची सुरक्षितता आहे. तो रस्त्यावर उतरला की मागून येणाऱ्या गाड्यांच्या समोर उभा असतो.

आता बाबांच्या हँडलकडे येऊ. आपल्याकडे जुनी पत्र्याची ट्रंक असते ना, मागे बिजागऱ्या आणि पुढे कडी, ती डोळ्यांसमोर आणा. कडी उघडी ठेवून ट्रंक पुढच्या बाजूला कलंडली तर झाकण आपोआप उघडतं आणि आतलं सगळं पुढे येतं. पण तीच ट्रंक बिजागऱ्यांच्या बाजूला कलंडली तर सगळं वजन झाकणावर येतं, झाकण नीट उघडत नाही, वस्तू आडव्यातिडव्या पडतात आणि बिजागरी तरी तुटते. डब्याचं अगदी हेच आहे. हँडल आणि चाकं जिथे असतात तिथेच झाकणाची बिजागरी असते. ट्रकचा हात डबा ट्रककडे, म्हणजे रस्त्याच्या बाजूला कलंडवतो. म्हणून बिजागरी, चाकं, हँडल घराकडे आणि झाकण उघडणारी बाजू रस्त्याकडे. बऱ्याच डब्यांच्या झाकणावर बाण छापलेला असतो, तो रस्त्याकडे दिसला पाहिजे.

तीन फूट जागा कशाला

पत्रकात लिहिलेलं असतं की दोन डब्यांमध्ये तीन फूट, काही ठिकाणी दोन, काही ठिकाणी चार, आणि पार्क केलेली गाडी, टपालपेटी, झाड, दिव्याचा खांब यांच्यापासूनही लांब. त्या लोखंडी हाताला बोटं नसतात, दोन पाकळ्या असतात, डब्याला धरायला त्या दोन्ही बाजूंनी आत शिरायला लागतात. डबे चिकटून असतील तर एकाला धरताना दुसरा आडवा होतो, आणि आडवा झालेला डबा म्हणजे अख्खा कचरा रस्त्यावर. गाडीजवळ असेल तर गाडीला पोचा. वरसुद्धा बघायचं, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही, डबा ट्रकच्या उंचीच्या वर जातो तेव्हा झाडाची फांदी किंवा केबलची वायर मध्ये आली तर ड्रायव्हर तो डबा सोडून देतो, आणि द्यायलाच पाहिजे.

आमच्या शेजारी विचारत होते, एवढं काय, उतरून दोन डबे लांब केले तर काय बिघडतं? हिशेब करून बघा. एक ट्रक दिवसाला साधारण हजाराच्या आसपास घरं करतो. त्यातल्या पन्नास घरांनी डबे वाकडे ठेवले आणि प्रत्येक ठिकाणी एक मिनिट गेला तर जवळजवळ एक तास गेला, आणि त्या तासात डिझेल जळतंय, शेवटच्या गल्लीला उशीर होतोय, आणि तो माणूस पन्नास वेळा रहदारीत उतरतोय.

आणि हो, फुटपाथ अडवायचा नाही. व्हीलचेअर जायला किमान ३६ इंच रुंदी लागते, आणि बाबागाडी ढकलणाऱ्या बाईला डब्यासाठी रस्त्यावर उतरावं लागू नये. सायकलची लेन असेल तर तिच्यातही नाही. ज्या गल्लीत फुटपाथ अरुंद आहे तिथे सिटी बहुधा डबे रस्त्यावर, चाकं कर्बला टेकवून ठेवायला सांगते, म्हणजे डबा घरंगळत नाही. कार्टला उतारावर सोडलं तर ती पळते, हे मी बघितलंय.

आदल्या संध्याकाळी चालतं, मग दोन दिवस आधी का नाही?

साधारण नियम असा की आदल्या दिवशी संध्याकाळी बाहेर काढायचे, सकाळी सहा-सातच्या आत बाहेर असले पाहिजेत, आणि रिकामे झाल्यावर त्याच दिवशी किंवा चोवीस तासांत आत घ्यायचे. सकाळची वेळ एवढी लवकरची असते कारण ट्रकचा रस्ता बदलू शकतो. गेले सहा महिने अकराला येतो म्हणून आज साडेदहाला डबा काढला आणि आज नेमका तो सव्वासातला येऊन गेला, असं होतं, आणि मग पूर्ण आठवडा तो वास गॅरेजमध्ये.

लवकर का काढायचा नाही त्याची कारणं उंदीर, रॅकून, वारा आणि जागा. न्यूयॉर्कमध्ये तर ही अक्षरशः बातमीची गोष्ट झाली होती. तिथे वर्षानुवर्षं काळ्या पिशव्या दुपारी चारपासून फुटपाथवर रचून ठेवायचे, म्हणजे उंदरांना रोजची पंगतच. १ एप्रिल २०२३ पासून शहराने पिशव्यांची वेळ रात्री आठ केली, झाकणाच्या डब्यात असेल तर सहा, आणि १२ नोव्हेंबर २०२४ पासून एक ते नऊ घरांच्या इमारतींना कचरा घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवणं बंधनकारक केलं. आपल्या कोलोरॅडोकडच्या किंवा लेक टाहोच्या बाजूच्या मित्रांना विचारा, तिथे उंदरांऐवजी अस्वलं येतात, म्हणून डोंगरातल्या बऱ्याच गावांत आदल्या रात्री डबा काढणंच मना आहे, सकाळीच काढायचा, आणि डब्याच्या झाकणाला अस्वलाला उघडता येणार नाही अशी कडी.

एक वेगळी गोष्ट इथेच सांगतो. डबा कर्बवर ठेवला की त्यातल्या कचऱ्यावर तुमचा खासगीपणाचा हक्क फारसा राहत नाही. कॅलिफोर्निया विरुद्ध ग्रीनवुड या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्ये म्हटलं की कर्बवर ठेवलेल्या कचऱ्याची झडती घ्यायला पोलिसांना वॉरंट लागत नाही, कारण तो कोणालाही उघडून बघता येतो. पोलिसांचं सोडा, बँकेची पत्रं, इमिग्रेशनची जुनी कागदपत्रं अशी अख्खी टाकू नका, फाडून टाका. पण श्रेडरमधून काढलेले शेवयांसारखे तुकडे निळ्या डब्यात मोकळे टाकू नका, ते का ते पुढे येईलच.

झाकण बंद म्हणजे पूर्ण बंद

झाकण वर आलं असेल, पिशवी डोकावत असेल, तर डबा उचलताना वरचा माल आधी खाली पडतो, ट्रकमध्ये नाही, रस्त्यावर. तिथून पावसाळी गटारात आणि तिथून थेट खाडीत, कारण कॅलिफोर्नियाच्या बहुतेक गावांत पावसाच्या पाण्याची गटारं शुद्धीकरणाला जात नाहीत. म्हणून बऱ्याच ठिकाणी उघड्या झाकणाला जादा पैसे लावतात, काही ट्रकवर कॅमेरेही असतात. शिवाय बिल डब्याच्या मापावर असतं. मोठा डबा महाग, छोटा स्वस्त. सिअॅटल, सॅन फ्रान्सिस्को अशा शहरांत ही पद्धत खूप जुनी आहे, वीज जेवढी जाळाल तेवढं बिल तसंच. मग ३२ गॅलनचे पैसे भरून कोणी ६४ गॅलनचा कचरा डोंगर करून ठेवत असेल तर बाकीच्यांवर तो अन्यायच आहे. जे झाकणाबाहेर येतंय ते पुढच्या आठवड्यापर्यंत ठेवा, किंवा दरवेळी येत असेल तर डबा मोठा मागून घ्या.

खोक्यांचंही तेच. घरपोच आलेली खोकी न मोडता कोंबली की ती डब्यात पाचरीसारखी अडकतात, डबा उलटा केला तरी पडत नाहीत, ड्रायव्हर दोनतीनदा झटकतो आणि जातो. मग आपण म्हणतो अर्धा डबा तसाच ठेवून गेला. खोकी मोडून सपाट करा, आडवी नको, उभी घाला.

काळ्या डब्यात पिशवी बांधून, निळ्यात पिशवी नको, हे उलटसुलट का?

हा सगळ्यात जास्त गोंधळाचा नियम, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून यावर जरा थांबतो.

काळ्या किंवा करड्या डब्यातला कचरा ट्रकमध्ये दाबला जातो आणि लँडफिलला जाऊन पुरला जातो. तिथे तो कोणी उघडत नाही. त्यामुळे पिशवीत बांधलेला बरा, उडत नाही, सांडत नाही. निळ्या डब्यातला माल मात्र मर्फमध्ये जातो आणि तिथे एकेक वस्तू वेगळी करायची असते. ते काम कसं चालतं ते आपल्या आजीला लगेच कळलं असतं, कारण ते धान्य निवडण्यासारखंच आहे. चाळणीतून बारीक खडे खाली पडतात, सुपात पाखडलं की हलकं फोलपट उडतं आणि जड दाणे राहतात, आणि शेवटी उरलेलं हाताने निवडायचं.

मर्फमध्ये पहिल्यांदा पट्ट्यावर माल येतो आणि दोन्ही बाजूंना माणसं उभी असतात, ती मोठ्या, धोकादायक, चुकून आलेल्या वस्तू हाताने उचलून काढतात. मग फिरणाऱ्या चकत्यांच्या चाळण्या येतात. मोठे पुठ्ठे त्यांच्यावरून तरंगत पुढे जातात, काच फुटून खाली पडते, कागद एकीकडे आणि डबे-बाटल्या दुसरीकडे. मग लोहचुंबक पत्र्याचे डबे ओढून घेतं. अॅल्युमिनियमला चुंबक धरत नाही, त्याच्यासाठी वेगळं फिरतं चुंबकीय यंत्र असतं, ते कॅनना अक्षरशः उडी मारायला लावतं. कॅमेऱ्यासारखं यंत्र प्लॅस्टिकची जात ओळखतं आणि हवेचा झोत मारून बाटली तिच्या रांगेत ढकलतं. शेवटी प्रत्येक मालाचे गठ्ठे बांधून विकतात. विकतात, हा शब्द लक्षात ठेवा.

आता या फिरणाऱ्या चकत्यांत प्लॅस्टिकची पिशवी आली की काय होतं? शिलाई मशीनच्या चाकात दोरा गुंततो तसं. एक गुंतली की तिच्यावर दुसरी, तासाभरात चकत्यांमधल्या फटी बंद, चाळणी चाळायचीच थांबते. मग अख्खी लाइन बंद करून माणसं त्या यंत्रात उतरतात आणि चाकूने पिशव्या कापून काढतात. हे कधीतरी नाही, नेहमी करावं लागतं. वायर, कपड्यांचे हँगर, बागेचा पाइप, जुनी साडी, दिव्यांच्या माळा, सगळं त्याच जातीचं. आणि बाटल्या पिशवीत बांधून टाकल्या तर पट्ट्यावरच्या माणसाला आत काय आहे ते दिसत नाही, डायपर असेल, सुई असेल, त्याला उघडायला वेळ नसतो, ती पिशवी सरळ कचऱ्यात जाते. म्हणजे आपण धुऊन, गोळा करून, नीट बांधून दिलेलं सगळं फुकट. श्रेडरचे तुकडे चाळणीतून फुटक्या काचेत पडतात आणि काच बिघडवतात, त्यांचं कारण हे.

बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते एकदम म्हणाले, म्हणजे हात आहेच की शेवटी. बरोबर आहे. कर्बवर नाही, पण पट्ट्यावर आहे. पुण्यात स्वच्छ संस्थेच्या ताई २००८ पासून दारात येऊन कचरा घेतात, सॅनिटरी पॅड कागदात नाही गुंडाळलं तर त्या तोंडावर सांगतात, ओळख असते, लाज वाटते, आपण सुधारतो. इथे पट्ट्यावरचा माणूस आपल्याला कधी भेटणार नाही, त्याच्या हातात काय आलं हे कळणार नाही. फार तर डब्यावर एक सूचनेचा कागद चिकटवलेला मिळेल.

आपल्या मराठी किचनमधलं काय कुठे

आंब्याच्या रसाचा पत्र्याचा मोठा डबा, विसळून निळ्यात, चुंबक त्याला बरोबर उचलतं. तुपाची, लोणच्याची काचेची बरणी, रिकामी करून, विसळून निळ्यात. तांदळाची ती विणलेली झिप लावलेली दहा किलोची पोती मात्र रिसायकल नाहीत, ती प्लॅस्टिकच्या धाग्याची असतात, यंत्रात गुंततात, घरात वापरा नाहीतर काळ्यात टाका. फरसाणाची चकचकीत पाकिटं काळ्यात. पिझ्झाच्या खोक्याचा तेलकट भाग हिरव्यात, कोरडं झाकण निळ्यात. चहाचा चोथा, भाजीची देठं, फुकट गेलेला भात, हिरव्यात. निर्माल्य हिरव्यात, पण हारातला दोरा, जर आणि चमकी काढून, नाहीतर ते खतात जातं. दिवाळीत तळणीचं उरलेलं तेल कुठल्याच डब्यात ओतायचं नाही आणि सिंकमध्ये तर नाहीच, बाटलीत भरून सिटीच्या केंद्रावर नेऊन द्या.

आणि बॅटऱ्या. हे मी हात जोडून सांगतो. जुना फोन, खेळण्यातली बॅटरी, दाढीचं मशीन, व्हेप, हे कुठल्याच डब्यात टाकू नका. लिथियमची बॅटरी ट्रकमध्ये दाबली गेली की पेट घेते आणि तिच्या भोवती सगळा कोरडा पुठ्ठा असतो. ट्रक आणि मर्फ पेटल्याच्या घटना देशभर होत असतात. कधीकधी ड्रायव्हरला जळता माल भर रस्त्यात ओतून टाकावा लागतो. बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून दुकानातल्या किंवा सिटीच्या बॅटरीच्या पेटीत टाका.

हिरवा डबा नवीन आहे का?

सॅन फ्रान्सिस्कोत नाही, तिथे २००९ च्या कायद्यानेच सगळ्यांना तीन वेगळे डबे सक्तीचे झाले. बाकी कॅलिफोर्नियात एसबी १३८३ नावाचा कायदा आहे, २०१६ चा, त्याखाली १ जानेवारी २०२२ पासून सिटींना घराघरातून ओला कचरा वेगळा घेणं भाग पडलं. त्याचं कारण मिथेन. खरकटं लँडफिलमध्ये पुरलं की त्याला हवा मिळत नाही, ते कुजून मिथेन तयार होतो, आणि वीस वर्षांच्या हिशेबाने बघितलं तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटीच्या आसपास उष्णता धरून ठेवतो. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या २०१८ च्या आकड्यांनुसार लँडफिलमध्ये जाणाऱ्या कचऱ्यात एकट्या अन्नाचा वाटा २४ टक्के होता, दुसऱ्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त. नियम सतत मोडला तर दंडही आहे, पहिल्यांदा ५० ते १०० डॉलर, पण त्याआधी सूचना देतात.

प्रत्येक गावाची तऱ्हा निराळी हेही इथेच दिसतं. सनीवेलमध्ये एकाच डब्याला मध्ये पडदा असतो, एका बाजूला खरकटं, दुसऱ्या बाजूला कचरा. सॅन होजेत बागेचा पालापाचोळा डब्याशिवाय, रस्त्यावर ढीग करून ठेवायची पद्धत आहे. मित्राच्या गावात चालतं म्हणून आपल्याकडे चालेल असं समजू नका.

"पण शेवटी सगळं एकाच ट्रकमध्ये जातं, मी बघितलंय"

हे मला दर दोन महिन्यांनी कोणीतरी सांगतं. बघितलेलं खोटं नसतं, पण त्याचा अर्थ बऱ्याचदा वेगळा असतो. काही ट्रकच्या पोटात मध्ये भिंत असते, दोन कप्पे, बाहेरून एकच ट्रक दिसतो. काही ठिकाणी एकच ट्रक सकाळी एक माल नेतो आणि रिकामा होऊन दुपारी दुसरा न्यायला येतो. आणि काही वेळा खरंच निळा डबा कचऱ्याच्या ट्रकमध्ये जातो, कारण तो इतका घाण झालेला असतो की त्याने बाकीचा चांगला माल बिघडला असता. एका डब्यातली उरलेली आमटी खाली दाबलेल्या शेजारच्या दहा घरांच्या कागदावर पसरते, आणि ओला तेलकट कागद कोणी विकत घेत नाही.

"रिसायकलिंग खोटंच आहे म्हणतात"

अर्धं बरोबर, अर्धं नाही, आणि आकडे बघितल्याशिवाय यावर बोलू नये. त्याच २०१८ च्या सरकारी आकड्यांत पुठ्ठ्याची खोकी ९६ टक्क्यांच्या वर परत वापरात गेली होती. अॅल्युमिनियमचे कॅन ५० टक्के. काचेच्या बाटल्या-बरण्या ३१ टक्के. आणि प्लॅस्टिक सगळं मिळून ८.७ टक्के. म्हणजे पुठ्ठा आणि धातू टाकताना अजिबात शंका घेऊ नका. प्लॅस्टिकमध्ये पाण्याच्या-सोड्याच्या बाटल्या आणि दुधाचे गॅलन यांना गिऱ्हाईक आहे, बाकीच्याला फारसं नाही. तळाशी त्रिकोणात जो आकडा असतो तो फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो, ती वस्तू तुमच्या गावात रिसायकल होते असा त्याचा अर्थ नाही. बऱ्याच वर्षांचा आपला सगळ्यांचा गैरसमज आहे हा, आणि तो त्रिकोण बघून कोणाचाही होईल.

मघाशी म्हटलं ना, विकतात. आधी हे गठ्ठे मोठ्या प्रमाणात चीन घ्यायचा. २०१८ मध्ये चीनने दरवाजा जवळजवळ बंद केला, घाणीचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तरच घेऊ म्हणाले. भाव कोसळले, काही गावांनी रिसायकलिंगच थांबवलं. मग तो माल कुठे गेला, तर थोडा भारतातही आला. आपल्याकडच्या कागद गिरण्या अमेरिकेतून रद्दी आयात करतात, आणि त्या रद्दीच्या गठ्ठ्यांत मिसळून आलेलं अमेरिकन पॅकिंगचं प्लॅस्टिक उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगरच्या आसपास जळताना सापडल्याच्या बातम्या आल्या होत्या. मी ते वाचलं तेव्हापासून निळ्या डब्यात "होईल बहुधा रिसायकल" असा अंदाज करून काही टाकणं बंद केलं. शंका असेल तर काळ्यात. चुकून काळ्यात गेलेली एक वस्तू पुरली जाते, चुकून निळ्यात गेलेली वस्तू दुसऱ्याच्या दारात जाते.

"बरण्या धुण्यात पाणी वाया जात नाही का?"

लख्ख धुवायच्याच नाहीत. भांड्यांचं शेवटचं पाणी असतं त्यात एकदा हलवून ओतून द्या. रिकामी, थोडी विसळलेली, कोरडी, एवढं बास. लेबल काढायची गरज नाही.

सुट्टी, बर्फ आणि राहून गेलेला डबा

थँक्सगिव्हिंग, ख्रिसमस, नवीन वर्ष असे ठरावीक दिवस ट्रक येत नाही आणि त्या आठवड्यातले पुढचे सगळे वार एक दिवस पुढे सरकतात. गुरुवारी थँक्सगिव्हिंग असेल तर गुरुवारवाल्यांचा शुक्रवारी, शुक्रवारवाल्यांचा शनिवारी, बुधवारवाल्यांना फरक नाही. न्यू जर्सी, मिशिगन, मिनेसोटाच्या मंडळींनी बर्फाच्या ढिगावर डबा ठेवू नये, तो कलंडतो, ड्राइव्हवेच्या तोंडाशी साफ केलेल्या जागेत ठेवावा. आणि ट्रकने डबा सोडला तर रागावून आत ओढू नका, आधी डब्यावर कागद चिकटवलाय का बघा, नसेल तर तिथेच राहू द्या आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी फोन करा, बहुतेक ठिकाणी परत येतात. आमच्यासाठी आले. बाबांनी तोपर्यंत डबे फिरवून, पावलं मोजून, लांब लांब ठेवले होते, आणि ट्रक आल्यावर ड्रायव्हरने त्यांना केबिनमधून हात केला.

वयस्कर माणसं एकटी राहत असतील तर

हे फार कमी जणांना माहीत असतं. ९६ गॅलनचा भरलेला डबा चढावर ओढणं सत्तरीच्या माणसाचं काम नाही, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्याचं तर नाहीच. बऱ्याच सिटींमध्ये अशा घरांसाठी वेगळी सोय असते, ड्रायव्हर खाली उतरून घराच्या बाजूला येतो, डबा तिथून नेतो आणि रिकामा करून परत जागेवर ठेवतो. घरात डबा ओढू शकेल असं दुसरं कोणी नसेल आणि डॉक्टरचं पत्र असेल तर अनेक ठिकाणी याचे जादा पैसे घेत नाहीत. सिटीच्या वेबसाइटवर कचऱ्याच्या पानावर फॉर्म असतो, नाही सापडला तर बिलावरच्या नंबरला फोन करून विचारा.